झोंपेची गोळी आणि सकाळची गाडी

गेल्या माघांतील गोष्ट. माझ्या भाचीच्या मुलाची मुंज नाशिकास होती आणि मुहूर्त सकाळीं साडेदहाचा होता. भिवंडीहून नाशिक गांठावयाचें म्हणजे तीन तास हाताशीं हवेत, म्हणून पहाटे निघावयाचें ठरलें. मीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. सेवानिवृत्तीच्या पैशांतून एक लहानशी मोटार घेतली आणि साठीच्या उंबरठ्यावर ती चालविण्यास शिकलों. उशिरां शिकलेल्या विद्येचा माणसाला अभिमान फार. त्यामुळें घरांतील कोणत्याहि लांबच्या प्रवासांत चाक माझ्याच हातीं असावें असा माझा हट्ट असे, आणि घरांतील मंडळी तो हट्ट वयाचा मान म्हणून चालवून घेत.

त्या रात्रीं झोंप येईना. मंगलकार्याच्या आदल्या रात्रीं डोळ्याला डोळा न लागणें हें आमच्या घराण्यांतच आहे. डॉक्टरांनीं मला कांहीं महिन्यांपूर्वीं झोल्पिडेम नांवाची गोळी प्रसंगविशेषीं घेण्यास दिली होती व दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. दहा मिलिग्रॅमची गोळी मोडून अर्धीच घ्यावयाची. आणि पुढें सात-आठ तास अंथरुणांत पडून राहतां येणार असेल तरच घ्यावयाची. मीं दोन्ही पथ्यें मोडलीं. रात्रीं दीड वाजतां उठून अख्खी गोळी घेतली. साडेचारांच्या गजरानें उठलों, स्नान केलें, संध्या केली, चहा घेतला. डोकें अगदीं निर्मळ वाटत होतें. सहा वाजतां ब्राह्मणआळींतून गाडी बाहेर काढली. गाडींत सौ., सूनबाई, नात आणि आमच्या वहिनी. चिरंजीव कामावरून परस्पर नाशिकास यावयाचे होते.

रांजणोली नाक्यापर्यंत कांहीं झालें नाहीं. गांवांतले खड्डे, यंत्रमागाच्या कापडानें भरलेले टेंपो, गोदामांकडे वळणारे लांबलचक कंटेनर यांतून वाट काढतांना माणूस आपोआप सावध राहतो. पुढें महामार्ग मोकळा लागला. पडघ्याच्या अलीकडे नातीनें मागून विचारलें, “आजोबा, गाडी पाळण्यासारखी कां हालते आहे?” मीं तिला दटावलें. थोड्या वेळानें सूनबाई म्हणाली, “बाबा, पुढें चहाला थांबूं या का? काकूंना जरा पाय मोकळे करायचे आहेत.” वहिनींनीं तसें कांहींच म्हटलें नव्हतें. थांबलों. चहा झाल्यावर पाहतों तों सूनबाई चाकामागें बसलेली. मी रागावलों. “मी पूर्ण जागा आहें,” असें मीं तिला खडसावून सांगितलें. ती इतकेंच म्हणाली, “हो बाबा. पण डावीकडची पांढरी रेघ तीनदां चाकाखालीं गेली.”

हें सारें संभाषण मीं येथें लिहिलें खरें, पण तें मला सूनबाईनें मागाहून सांगितलें म्हणून. मला आठवतो तो रांजणोली नाका, आणि त्यानंतर एकदम इगतपुरीची थंड हवा. चहाचे पैसे मींच दिले म्हणे, सुटे मिळाले नाहींत म्हणून टपरीवाल्याशीं हुज्जतहि घातली म्हणे. त्यांतलें एक अक्षर माझ्या स्मरणांत नाहीं. तीन पिढ्यांचीं चार माणसें गाडींत बसवून मी रस्त्यावरून चाललों होतों, आणि त्या वाटचालीचा माझ्याजवळ कांहीं पुरावा नाहीं.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला संस्कृताचा मास्तर. वैद्यक हा माझा विषय नव्हे. परंतु त्या दिवसानंतर मला चैन पडेना. डॉक्टरांना विचारून, गोळीबरोबर येणारें बारीक अक्षरांचें पत्रक भिंगाखालीं वाचून, आणि चिरंजीवांनीं काढून दिलेले अहवाल पाहून जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण माझी चूक ही केवळ माझी नाहीं, असें मला दिसून आलें.

दारू प्यालेल्या माणसाला आपण प्यालों आहों हें निदान ठाऊक तरी असतें. गोळी घेणाऱ्याची समजूत निराळी असते: रात्रीं झोंपलों, सकाळीं उठलों, गोळीचें काम झालें. झोंप पुरी झाली कीं गोळीहि संपली, असा हिशेब आपण मनाशीं मांडून बसलेले असतों. पण झोंप संपते ती गजरानें, आणि गोळी संपते ती यकृताच्या गतीनें. या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं करार झालेला नसतो. रक्तांतील औषधाचें प्रमाण निम्म्यावर येण्यास जो काळ लागतो त्यास अर्धायु म्हणतात. झोल्पिडेमचें अर्धायु सरासरी अडीच तास. दीडला घेतलेली अख्खी गोळी चार वाजतां निम्मी उरली आणि साडेसहाला पाव. अर्धीच गोळी घेऊन मी अकरा वाजतां निजलों असतों, तर त्याच साडेसहाला अख्ख्या गोळीचा फक्त सोळावा हिस्सा उरला असता. हें फळ्यावरचें ढोबळ गणित झालें. उतारवयांत औषधाचा निचरा मंदावतो, तेव्हां माझी शिल्लक पावाहून मोठीच असणार.

आणि झोल्पिडेम ही त्यांतल्या त्यांत लवकर उतरणारी गोळी. अल्प्राझोलामचें अर्धायु सुमारें अकरा तास. नायट्राझेपामला एक अहोरात्र किंवा त्याहून अधिक लागतें. डायझेपाम व तिच्यापासून शरीरांत तयार होणारें दुसरें द्रव्य, हीं तर कित्येक दिवस रेंगाळतात. जो मनुष्य ती रोज रात्रीं घेतो त्याच्या अंगांत कालचें शिळें आजच्या ताज्यांत मिसळत राहतें. सकाळची चाचणी अशा माणसाच्या बाबतींत उपयोगाचीच नाहीं, कारण त्याला निखळ सकाळ अशी उरतच नाहीं.

या सर्व औषधांचा मार्ग बहुतांशीं एकच आहे. मेंदूंत गाबा नांवाचें एक द्रव्य आहे. मज्जापेशींची धांवपळ शांत करणें हें त्याचें काम. गोळी त्या द्रव्याचा हात बळकट करते. परंतु झोंपेचा तेवढा दिवा मालवावा आणि लक्ष, तोल, स्मरण यांचे दिवे लावून ठेवावे, असा विवेक तिला पुरतेपणीं साधत नाहीं. १९०३ सालीं जर्मनींत बार्बिटालची गोळी निघाली, १९६३ सालीं डायझेपाम बाजारांत आली, आणि पुढें झोल्पिडेम व तिच्या बहिणी आल्या. प्रत्येक नवी गोळी आधींच्या गोळीहून सौम्य म्हणून आली आणि पुष्कळ अंशीं तशी होतीहि. पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हें दर वेळीं मागाहून समजलें.

आपल्या आयुर्वेदकारांनीं निद्रा आणि तंद्रा असा भेद केला आहे तो मला येथें फार मार्मिक वाटतो. निद्रा ही आहाराप्रमाणेंच शरीराचा आधार. तंद्रा निराळी, तींत डोळे उघडे असूनहि इंद्रियें आपला विषय नीट ग्रहण करीत नाहींत. गोळी रात्रीं निद्रा देते आणि सकाळीं कधीं कधीं तंद्रा मागें ठेवून जाते. कठोपनिषदांत शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथि म्हटलें आहे. हें रूपक मीं वर्गांत असंख्य वेळां फोड करून सांगितलें असेल. पण घोडे धांवत आहेत, लगाम हातांत आहे आणि सारथि तेवढा पेंगतो आहे, असा रथ कसा चालतो याचा अनुभव मला पडघ्याच्या अलीकडे आला. लहानपणीं भाताच्या बैलगाड्या रात्रीं भिवंडीकडे येत तेव्हां गाडीवान खुशाल निजलेला असे. बैलांना घर ठाऊक असे. समोरून गाडी आली तर ते आपसूक कडेला होत. मोटारीला बैलांची तेवढीहि अक्कल नाहीं.

गोळीच्या या सकाळच्या शेषाचें मोजमाप कसें करावें, हा प्रश्न नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनीं मोठ्या युक्तीनें सोडविला. ओहॅनलन व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं डायझेपामवर असा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि पुढें मास्ट्रिख्ट येथील विद्यापीठानें ती पद्धत वाढविली. माणसाला खऱ्या महामार्गावर, खऱ्या रहदारींत, सुमारें शंभर किलोमीटर गाडी चालवावयास देतात. वेग ताशीं ९५ किलोमीटर ठेवावयाचा आणि आपल्या पट्ट्याच्या मधोमध रहावयाचें, इतकेंच काम. शेजारीं दुसरा ब्रेक पायाखालीं घेऊन शिक्षक बसलेला असतो आणि गाडीवरचा कॅमेरा पट्ट्याच्या रेघेपासूनचें अंतर सारखें टिपीत असतो. गाडी किती सेंटिमीटर डोलते यावरून सारथ्याची अवस्था कळते. माझ्या नातीनें कॅमेऱ्यावांचून जें टिपलें तेंच हें! रक्ताच्या १०० मिलिलिटरांत ५० मिलिग्रॅम मद्यार्क असला म्हणजे हें डोलणें सुमारें अडीच सेंटिमीटरनीं वाढतें. झोपिक्लोन नांवाची गोळी (या नांवांत आपली ‘झोप’ शिरली आहे हा निव्वळ योगायोग) साडेसात मिलिग्रॅम घेऊन निजलेल्या माणसांची गाडी दहा-अकरा तासांनंतर, म्हणजे दुसऱ्या दिवशीं चांगलें उजाडल्यावरहि, तितकी किंवा त्याहून अधिक डोलते, असें दिसून आलें. आपल्या देशांत मद्याची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें जानेवारी २०१३ मध्यें झोल्पिडेमची स्त्रियांची मात्रा दहावरून पांच मिलिग्रॅमवर आणावयास लावली, आणि हळूहळू विरघळणाऱ्या प्रकाराची साडेबारावरून सव्वासहावर. कारण असें कीं, रक्ताच्या दर मिलिलिटरांत ५० नॅनोग्रॅमहून अधिक झोल्पिडेम असल्यास गाडी चालविणें धोक्याचें ठरतें, आणि दहा मिलिग्रॅम घेतल्यावर आठ तासांनींहि शेंकडा १५ स्त्रियांच्या रक्तांत त्याहून अधिक औषध आढळलें. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ३ होतें. स्त्रियांच्या शरीरांतून हें औषध सावकाश निघतें. गोळी घरांतल्या पुरुषाला चालते म्हणून तितकीच स्त्रीला देणारीं घरें आपल्यांत थोडीं नाहींत. आमच्याच आळींतल्या किती तरी सुना सकाळीं सात वाजतां पुढें एक मूल आणि मागें एक मूल घेऊन दुचाकीवर शाळेकडे निघतात.

दुसऱ्या वर्षीं, मे २०१४ मध्यें, त्याच प्रशासनानें एस्झोपिक्लोनची आरंभीची मात्रा एक मिलिग्रॅमवर आणली. २५ ते ४० वर्षें वयाच्या ९१ धडधाकट माणसांना रात्रीं तीन मिलिग्रॅम देऊन सकाळीं त्यांच्या परीक्षा घेतल्या, तेव्हां साडेसात तासांनंतर त्यांचें हस्तलाघव व स्मरण चांगलेंच मंदावलेलें आढळलें. गाडी चालविण्याच्या कौशल्यावरील परिणाम अकरा तासांच्या पुढेंहि टिकूं शकतो असें दिसलें. पण मला त्या अहवालांतील सर्वांत महत्त्वाचें वाटलें तें पुढील विधान: त्या माणसांना आपल्यांत कांहीं उणें आहे याची बहुधा जाणीवच नव्हती. “मी पूर्ण जागा आहें” म्हणणारा मी एकटाच मूर्ख नव्हतों, एवढें समाधान मला त्यांतून मिळालें, आणि त्याहून मोठी धास्तीहि. जो परीक्षक आपली परीक्षा घ्यावयाचा, तोच गोळीनें गुंगलेला असतो.

ही गोष्ट एकदां न्यायालयापुढेंहि आली होती. १३ जुलै २०१२ रोजीं सकाळीं न्यूयॉर्क राज्यांत केरी केनेडी (रॉबर्ट केनेडी यांची कन्या) यांची मोटार महामार्गावर एका मालट्रकला घासली. त्यांच्या रक्तांत झोल्पिडेम सांपडलें. रोजची थायरॉईडची गोळी घेण्याऐवजीं हाताशीं असलेल्या दुसऱ्या बाटलींतली गोळी चुकून घेतली गेली, आणि पुढचें आपल्याला आठवत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. सरकारपक्षाचें म्हणणें, चूक झाली हें मान्य केलें तरी गुंगी येऊं लागल्यावर गाडी कडेला घ्यावयास हवी होती. बचावपक्षाचें उत्तर असें कीं, गुंगी ओळखण्याची शक्तिच ती गोळी आधीं हरण करते. फेब्रुवारी २०१४ मध्यें ज्यूरीनें त्यांना निर्दोष ठरविलें.

ही हकीकत वाचून मीं पहिलें काम केलें तें आमच्या घरांतला औषधांचा डबा उघडून पाहण्याचें. एकत्र कुटुंबांत डबा एकच असतो. वहिनींच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सूनबाईची सकाळीं उपाशीपोटीं घ्यावयाची थायरॉईडची बाटली, माझी झोल्पिडेम, आणि कोणाला केव्हां दिली तें कोणासच न आठवणारी अल्प्राझोलामची अर्धी पट्टी, सर्व एकाच बिस्किटांच्या जुन्या डब्यांत सलोख्यानें नांदत होतीं. शिवाय आपल्याकडे गोळी देणें ही पाहुणचाराची रीत आहे. “झोंप येत नाहीं? माझी घे, मला बरी लागू पडते,” असें म्हणणारी मायाळू आजी प्रत्येक वाड्यांत असते. नातू ती घेऊन पहाटे मुंबईच्या कामावर दुचाकीनें निघतो. हीं औषधें खिरापतीसारखीं वांटावयाचीं नसतात, म्हणूनच २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम इत्यादि औषधें ‘एच-१’ परिशिष्टांत घातलीं आहेत. दुकानदारानें चिठ्ठीवांचून तीं देऊं नयेत आणि देतांना डॉक्टरांचें नांव, रोग्याचें नांव व संख्या निराळ्या वहींत नोंदवून ती वही तीन वर्षें जपावी असा नियम आहे. आपल्या घरच्या डब्याला मात्र वही नसते.

झोंपेच्या म्हणून ज्या ओळखल्या जात नाहींत अशाहि गोळ्या या पंक्तींत येऊन बसतात. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतें. त्यानें नाक थांबतें आणि डोळेहि जड होतात. गोळीच्या जोडीला रात्रीं मद्य घेतलें असेल, तर दोन गुंगी आणणारे एकमेकांना साह्य करतात. तें मिश्रण तर जिवावरच बेततें. शिवाय झोंपेंतच उठून मोटार हांकणें, स्वयंपाक करणें आणि सकाळीं त्यांतलें कांहीं न आठवणें असेहि प्रकार झोल्पिडेम वर्गाच्या गोळ्यांनीं घडले आहेत. एप्रिल २०१९ मध्यें अमेरिकेच्या प्रशासनानें यासाठीं ठळक चौकटींतला इशारा छापावयास लावला, तेव्हां अशा गंभीर अपायाचीं ६६ प्रकरणें त्याच्यापुढें होतीं आणि त्यांपैकीं २० माणसें प्राणास मुकलीं होतीं.

पोलीस पकडीत नाहींत म्हणून कायदा नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमांत मद्याबरोबरच औषधांचाहि स्पष्ट उल्लेख आहे. औषधाच्या अंमलानें वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ असतांना तें चालविणें हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. नाक्यावर तोंडाशीं धरतात तें यंत्र मद्य ओळखतें; गोळी त्याला ओळखतां येत नाहीं. म्हणून तेथून निर्धास्त सुटलेला मनुष्य पुढें शहापूरच्या सरळ रस्त्यावर काय करील हें तें यंत्र सांगूं शकत नाहीं.

सरळ रस्त्याचा उल्लेख मीं मुद्दाम केला. नागपुरापासून निघणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर आमच्याच भिवंडी तालुक्यांत येऊन थांबला. मोटारीस ताशीं १२० किलोमीटरची मुभा, वाटेंत चौक नाहीं, बैलगाडी नाहीं, वळणहि फारसें नाहीं. जाग्या माणसालाहि अशा रस्त्याची एक मोहनिद्रा लागते, अशी चर्चा तो रस्ता सुरू झाल्यापासून चालूच आहे. ज्यांच्या अंगांत कालची गोळी शिल्लक आहे त्यांची गति काय होत असेल? भिवंडीच्या गल्ल्यांत माझें कांहीं बिघडलें नाहीं तें मी शुद्धीवर होतों म्हणून नव्हे. रिक्षा, हातगाड्या आणि खड्डे मला क्षणोक्षणीं हलवून जागे करीत होते म्हणून. रस्ता गुळगुळीत झाला आणि मी उघडा पडलों.

हें वाचून कोणीं आजपासून गोळीच फेंकून देऊं नये. जे पुष्कळ दिवस रोज घेत आले आहेत त्यांनीं ती एकाएकीं बंद केल्यास झोंप अधिकच उडते, आणि कांहीं औषधांच्या बाबतींत झटकेहि येऊं शकतात. ती उतरणीला लावण्याचें काम डॉक्टरांचें. मींहि त्यांच्याकडे गेलों. घडलें तें सर्व सांगितलें, फक्त सुट्या पैशांच्या हुज्जतीचा भाग गाळला. त्यांनीं विचारलें तें एवढेंच: “सकाळीं गाडी तुम्ही चालवितां हें मला आधीं कां सांगितलें नाहीं?” मला तें सांगण्याजोगें वाटलें नव्हतें. आतां दुपारचें निजणें बंद केलें आहे, कितीहि जागरण झालें तरी पांचाला उठावयाचें असा नेम धरला आहे, आणि महिन्यांतून एखाद्या वेळीं अर्धी गोळी लागते.

ती लागली कीं मी गाडीची किल्ली देवघराशेजारच्या खुंटीवरून काढून सूनबाईच्या खोलीच्या दाराशीं ठेवतों. तोंडानें कांहीं सांगावें लागत नाहीं. माझ्या गोळ्या त्या डब्यांतून काढून मीं माझ्या टेबलाच्या खणांत कुलुपांत ठेवल्या आहेत, आणि थायरॉईडच्या बाटलीला नातीनें हौसेनें तांबडा कागद चिकटविला आहे. परवां वज्रेश्वरीस जावयाचें होतें. सकाळीं मी मागच्या आसनावर जाऊन बसलों तेव्हां नात शेजारीं येऊन बसली आणि माझ्या डोळ्यांत वांकून पाहूं लागली. काय पाहतेस म्हणून विचारलें, तर म्हणाली, “आजोबा, रात्रीं अर्धी कीं अख्खी?”